ती जागा रिकामी नव्हती

मला आधी सांगितलं होतं. हे सगळ्यात वर लिहून टाकते, नाहीतर पुढे कुठंतरी मी ते लपवीन.

पाच वर्षांपूर्वी मी कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होते आणि नेरूळमधल्या आमच्या खाडी वाचवणाऱ्या गटात पत्रकं लिहायचं काम माझ्याकडे होतं. गटात एक निवृत्त मास्तर होते, सगळे त्यांना सर म्हणायचे. त्यांनी मला पत्रक शिकवलं. एक संकट, एक गुन्हेगार, एक मागणी. चौथी गोष्ट आली की लोक त्या कागदात भजी बांधतात. 'बहुधा' छापायचं नाही, 'काही अंशी' तर मुळीच नाही. मला हे चटकन जमलं. राग माझ्याकडे आयताच होता. खाडीच्या कडेची खारफुटी, शेजारच्या सारसोळ्यातले कोळी जिला तिवर म्हणतात, ती आमच्या डोळ्यांसमोर राडारोड्याखाली जात होती. ट्रक यायचे, ओतायचे, जायचे, आणि आम्ही तक्रारी करायचो. 'तिवराची एक फांदी तोडणं हाही गुन्हा आहे' हे वाक्य माझं. नेरूळच्या निम्म्या सोसायट्यांच्या नोटीस बोर्डावर आणि सारसोळ्याच्या जेट्टीवरही ते लागलं होतं.

त्या वर्षी रबाळ्याच्या एका कंपनीला पर्यावरण दिन साजरा करायचा होता. बसभर माणसं, टी-शर्ट, रोपवाटिकेतून आणलेली तिवराची रोपं. जागा आम्ही दाखवायची होती. खरी गरज कुठं होती हे मला ठाऊक होतं. जेट्टीच्या पुढे, जिथं राडारोडा टाकून तिवर मारली होती, तिथं. पण तिथं आधी राडारोडा उचलावा लागणार, बस जात नाही, वास येतो. कंपनीच्या बाई म्हणाल्या, "जागा जरा ओपन बघा ना, फोटो छान येतात." मी जेट्टीजवळचा उघडा चिखल दाखवला. ओहोटीला, कोळीवाड्याच्या भाषेत सुकतीला, तो लांबवर चकचकत पडलेला असायचा. ना झाड, ना झुडूप. मला तो नागडा वाटायचा.

आम्ही बॅनर बांधत होतो तेव्हा त्या चिखलातून मावशी वर आली. गुडघ्यापर्यंत काळी, कमरेला निळी प्लास्टिकची पाटी, पाटीत शिवल्या, म्हणजे चिखलातल्या बारक्या शिंपल्या, आणि वर दोन-तीन चिंबोऱ्या, खेकडे.

मावशी आमच्या घरची होती, म्हणजे नात्यानं नाही. ती सारसोळ्याच्या कोळीवाड्यातली आणि आम्ही साताऱ्याकडचे. वडील मार्केटात गोणी उचलायला आले आणि इथलेच झाले. आईला लग्नाआधी सुकटीपलीकडे मासळी माहीत नव्हती. मावशी आमच्या जिन्यात पाटी उतरवायची. तिनंच आईला शिवल्या विळीवर कशा उघडायच्या, पाणी कसं फेकायचं नाही, ते शिकवलं. लहानपणी तिच्या पाटीतली चिंबोरी माझ्या बोटाला चावली होती, तेव्हा ती म्हणाली होती, "तुना वलखते ती आता." वर्षानुवर्षं आमच्या घरात सोमवार-गुरुवार सोडून जे शिजायचं ते बरंचसं त्या चिखलातून आलेलं होतं. मी ते खाऊन मोठी झाले आणि त्याच चिखलाला नागडा म्हणाले.

"काय चाललंय गं, बाय?"

"मावशी, तिवर लावतोय. जंगल होईल इथं."

तिनं रोपांकडे बघितलं, मग चिखलाकडे. "हितं नको लावू. ह्यी जागा रिकामी नाय."

"रिकामीच तर आहे."

"तुना दिसत नाय म्हनून रिकामी?" ती हसली. "सुकतीला लाल पाखरां कुठं बसतात? हितंच ना? त्यांना उगीच चिखल चिवडायची हौस हाय का? झाडां लावायची तर तिकडं लाव, भरावाच्या बाजूला. तिकडचीच मारलीत."

मी तिला पत्रक दिलं. मी खरंच तिला पत्रक दिलं. समुद्राची पातळी वाढतेय, भरतीचं पाणी शहरात घुसणार, तिवर ही आपली भिंत, वगैरे. मावशी चौथीपर्यंत शिकलेली. तिनं ते घडी घालून कमरेला खोचलं आणि म्हणाली, "पानी चढतंय ते मना नको सांगू. उधानाला जेट्टीच्या पायऱ्या मोजायचो आमी, आता रस्त्यावर येतं. पुढनं पानी, मागनं रस्ता. मधी चिखल एवढाच ऱ्हायला. त्यात आता तू झाडां लाव."

मग बस आली. मावशी बाजूला झाली. कंपनीच्या एका मुलानं तिच्यासोबत सेल्फी मागितला, तो तिनं दिला.

लावलेली बहुतेक रोपं मरतात, हे या कामात असणाऱ्या कुणालाही विचारा. आमची जगली. सर म्हणाले, तुझा हात लागला. मी दर महिन्याला जाऊन उंची बघायचे. गुडघ्याला आली, कमरेला आली, मग त्यांच्या भोवती मुळांच्या काड्या वर निघाल्या, जमिनीतून बोटं निघावीत तशा. मुळांत गाळ अडकायला लागला. भुई वर यायला लागली. 'उजाड चिखलावर उभं राहिलं जंगल' असं पत्रक मी लिहिलं. खारघरच्या एका कॉलेजात त्यावर भाषणही दिलं. टाळ्या मिळाल्या, त्या मी घेतल्या.

तिसऱ्या हिवाळ्यात फ्लेमिंगो, मावशीची ती लाल पाखरं, त्या बाजूला उतरले नाहीत. वरून थवा यायचा, एक वळसा घ्यायचा आणि पुढे जायचा. मी हवामान बदलावर पत्रक काढलं. उष्णता, लांबलेला पाऊस, खाडीत सोडलेलं रसायन, बिल्डर. त्यातलं एकही खोटं नव्हतं. फक्त त्या चिखलाबद्दल विचारलं तर त्यातलं एकही उत्तर नव्हतं. फ्लेमिंगोला उघडा, पातळ पाणी असलेला चिखल लागतो, झाडांत तो उतरत नाही, हे मी स्वतः शाळेतल्या पोरांना चार्टवर दाखवायचे. चार्ट दाखवताना माझं आमच्या झाडांशी काही नातं आहे असं मला एकदाही वाटलं नाही. किंवा वाटलं आणि मी पुढचा चार्ट काढला. आता नक्की सांगता येत नाही.

मावशीच्या पाटीत शिवल्या कमी झाल्या. ती मार्केटची मासळी आणून विकू लागली. आई कुरकुरायची, "हे काय आपल्या खाडीचं न्हाई." मी म्हणायचे, प्रदूषण.

गेल्या हिवाळ्यात एका सकाळी गटाच्या ग्रुपवर फोटो आला. कुणीतरी जेट्टीवरून लांबून काढलेला. लुगडं नेसलेली एक बाई वाकून तिवराची रोपं उपटतेय, बाजूला उपटलेल्यांचा ढीग. खाली लिहिलं होतं, आपलं जंगल. मी रिक्षात होते. रिक्षा सिग्नलला थांबली तेवढ्या वेळात मी तक्रार लिहिली, फोटो जोडला, वनखात्याला पाठवली आणि सगळीकडे टाकली. एक संकट, एक गुन्हेगार, एक मागणी. मागणी होती कठोर कारवाईची.

घरी आल्यावर आईनं माझ्या हातातून फोन घेतला. ती असले फोटो कधी बघत नाही, त्या दिवशी बघितला. बोटांनी मोठा केला.

"आगं, ही तर आपली मावशी."

"कशावरून?"

"पाटी बघ की. निळी. कानाला तार बांधलेली. मीच दिली हुती ती तार."

मी बघितलं. तार होती.

मी त्याच क्षणी तक्रार मागे घेऊ शकले असते. नाही घेतली. स्वतःला म्हणाले, कायदा सगळ्यांना सारखा. आज मावशीला सोडलं तर उद्या ट्रकवाल्याला कुठल्या तोंडानं अडवणार? वाक्य चांगलं होतं, छापण्यासारखं. त्या वाक्याच्या आडोशाला मी अकरा दिवस काढले. तोवर वनरक्षक सारसोळ्यात जाऊन आला, पंचनामा झाला, मावशीला बोलावणं आलं. तिला सांगितलं गेलं की गुन्हा दाखल होईल, आणि निकाल लागेपर्यंत त्या चिखलात पाय ठेवायचा नाही. ती आमच्याकडे यायची थांबली. आई गुरुवार नसतानाही आमटी करू लागली.

बाराव्या दिवशी मी सारसोळ्यात गेले. मावशी ओट्यावर जाळं बघत बसली होती, शेजारी तिची जाऊ. जावेनं मला आधी पाहिलं.

"आली गं बाय, झाडांची आई आली."

मावशीनं वर बघितलं नाही. "बस. उभी नको ऱ्हाऊ, पाय दुखतील. चिखलात नाय चाललीस तू कदी."

"मावशी, ती तक्रार मी केली."

"म्हाईत हाय. तुजं नाव होतं ना खाली. माज्या पुतन्यानं वाचून दावलं."

"मला माहीत नव्हतं तू आहेस ते."

"मग दुसरी कोन असती तर चाललं असतं?" हे जाऊ म्हणाली.

मी ओट्याच्या कडेला बसले.

मावशीनं जाळं खाली ठेवलं. "चल, सुकती हाय. दावते तुना."

"तुला जायला बंदी आहे ना?"

"मना हाय. तुना कुटं हाय? मी जेट्टीवर उबी ऱ्हाते, तू उतर."

तशी मी उतरले. चपला हातात, मावशी वरून बोलतेय. आधी झाडांच्या आत जायला सांगितलं. मुळांच्या काड्यांमध्ये हात घाल म्हणाली. घातला. घट्ट, कोरडा गाळ, त्यात प्लास्टिकच्या पिशव्या. खेकड्याची दोन बिळं. शिवली एकही नाही. मग म्हणाली, भायेर ये, पाण्याकडे. झाडांच्या पुढे आता चिखलाची एक पट्टीच उरली होती, दोन होड्या आडव्या ठेवल्या तर भरेल एवढी रुंद. तिथं हात घातला तर बोटांना शिवल्या लागल्या. बाजूनं एक निवटी, चिखलात उड्या मारणारी ती मासळी, टुणकन उडाली. आणि त्या पट्टीवर, सगळीकडे, दोन-दोन पानांची रोपं उगवलेली. बोटाएवढी. आमच्या झाडांच्या बिया पावसात गळतात, भरतीबरोबर पुढे येतात आणि रुजतात.

"तू लावलेल्यांना मी हात नाय लावला," मावशी वरून म्हणाली. "एक पन नाय. मोजून घे. ही त्यांची पोरां हायेत. तुना नातवंडां झाली, बाय. मी ती उपटत होते. ह्यी पट्टी गेली की आमच्या बायकांना उतरायला जागा नाय. पाखरांना पन नाय."

मला तेव्हा जे वाटलं त्याला शरम हा शब्द पुरत नाही. शरम वाटली तर माणूस तोंड लपवतो. मी तिथं पिंडरीपर्यंत रुतून उभी होते आणि लपायला माझं स्वतःचं जंगल होतं.

दुसऱ्या दिवशी मी सरांना सांगितलं की मी वनखात्याला लिहून देणार आहे. लागवड आम्ही केली, चुकीच्या जागी केली, आणि या बाईंनी तेव्हाच सांगितलं होतं. सरांनी चष्मा काढला.

"तुला कळतंय का, हा कागद कोणाच्या हातात पडेल? उद्या भराव टाकणारा कोर्टात उभा राहील आणि म्हणेल, बघा, खारफुटीवालेच म्हणतात की खारफुटी चुकीची असते. तुझ्या एका चुकीच्या कबुलीवर खाडी विकली जाईल."

"मग मावशीवर केस होऊ द्यायची?"

"तिला आपण वकील देऊ. कागद देऊ नकोस."

हे लिहिताना सरांना खलनायक करणं मला सोपं आहे. मी तेच शिकलेय. पण सर चुकीचं बोलत नव्हते. तसा उपयोग करणारे लोक आहेत, मी त्यांना ओळखते. दोन दिवस मी मसुदे लिहिले. पहिल्यात सगळा दोष कंपनीवर टाकला. तो घेऊन मावशीकडे गेले आणि वाचून दाखवला.

"कंपनीवाले एक दिवस आले," ती म्हणाली. "चाय पिऊन गेले. त्यांना काय म्हाईत? जागा कोनी दावली?"

जावेनं ओट्यावरूनच भर घातली. "आनि मोठ्या अक्षरात लिव. तुमची पत्रकां लई बारीक असतात."

मग मी घरी बसून नवा कागद लिहिला. त्यात कुणी गुन्हेगार शोधावा लागला नाही. जागा मी दाखवली. मला सांगितलं होतं. मी ऐकलं नाही. शेवटी एक वाक्य सरांसाठी घातलं: हे फक्त या उघड्या चिखलाबद्दल आहे, जिथं तिवर कधीच नव्हती, जिथं होती आणि मारली, तिथं ती परत यायलाच हवी. हे वाक्य कोर्टात कुणाला अडवेल की नाही, मला माहीत नाही.

वनखात्याच्या साहेबांनी कागद दोनदा वाचला. मावशी माझ्या शेजारच्या खुर्चीवर, पदर सावरून. पाटी तिनं बाहेर ठेवली होती आणि तिचं लक्ष सारखं दाराकडे जात होतं.

"लागवडीची परवानगी घेतली होती?"

"नाही."

"मग केस तुमच्यावरच करायला हवी." ते हसले नाहीत. "ती झाडं काढता येतील असं वाटत असेल तर विसरा. लावली तुम्ही, पण आता ती संरक्षित आहेत. मला उपटता येणार नाहीत, तुम्हाला नाही, यांना तर नाहीच."

"लिवलंय आमच्या जेट्टीच्या बोर्डावर," मावशी म्हणाली. "फांदी तोडली तरी गुन्हा."

साहेबांनी माझ्याकडे बघितलं. मी टेबलाकडे.

शेवटी मावशीला लेखी समज देऊन सोडलं. पुन्हा रोप उपटायचं नाही, झाडांच्या पुढच्या चिखलात शिवल्या वेचायला हरकत नाही. मावशीनं विचारलं, "आनि ह्या पावसाला नवीन बी आली तर?" साहेब म्हणाले, "रुजलं की ते झाड. वाहून आलेलं बी उचललंत तर मी झाड तोडलं असं लिहू शकत नाही. पण मला कळवून करा."

तेवढाच काय तो दरवाजा. पावसाळ्यात, ऑगस्ट संपता संपता, मी चिखलात उतरायला शिकले. मावशी, तिची जाऊ, मी आणि कधीकधी आई, जी साडी गुडघ्यापर्यंत खोचून काठावरच उभी राहायची आणि "साप न्हाई ना?" विचारायची. भरती उतरली की बिया वेचायच्या, हिरव्या, चपट्या, वालाच्या दाण्यासारख्या. पिशवी भरली की भरावाच्या बाजूला न्यायच्या. तिथं आता थोडा राडारोडा उचललाय, आम्हीच उचलला, उन्हाळाभर. सर पहिल्या दिवशी आले नाहीत. दुसऱ्या दिवशी घमेलं घेऊन आले, माझ्याशी बोलले नाहीत, काम केलं.

मी नवीन पत्रक लिहिलेलं नाही. मागतात लोक. सुचत नाही असं सांगते.

खरं म्हणजे बिया वेचून भागत नाही. हात कमी, चिखल मोठा, उधाणाला एका रात्रीत पट्टी पुन्हा हिरवी होते. शिवाय पाणी पुढून चढतंयच. मावशी म्हणते, चार-पाच पावसाळे निघाले तरी पुष्कळ. फ्लेमिंगो यंदा त्या पट्टीवर उतरले का, असं मला कॉलेजमधली मुलं विचारतात. थोडे उतरले, झाडांपासून लांब, अगदी पाण्याच्या कडेला, एका पायावर, दाटीवाटीनं. पूर्वी तेच पाखरू पसरून बसायचं.

पाऊस संपला तेव्हा एका ओहोटीला आम्ही शेवटची फेरी मारली. मावशी पट्टीच्या टोकाला थांबली आणि पायानं दाखवलं.

"त्यो एक ऱ्हायला."

दोन पानं, खाली बारीक मूळ धरलेलं. चुकलेलं बी. मी वाकले. बोटं देठापर्यंत गेली. रुजलं की ते झाड. शिवाय जेट्टीवरचा माझ्याच वाक्याचा बोर्ड तिथून दिसत होता, ऊन लागून रंग उडालेला, पण वाचता येण्यासारखा. मावशीनं मुद्दाम पलीकडे तोंड फिरवलं आणि पाटी कमरेवर नीट केली. म्हणजे मी उपटलं असतं तरी तिनं पाहिलं नसतं.

मी सरळ झाले. हात धुवायला पाण्याकडे गेले.

"ऱ्हाऊ दे," ती म्हणाली. "तुजंच हाय."

ते अजून तिथंच आहे. आता माझ्या गुडघ्याला लागतं. मावशी शिवल्या वेचताना त्याला वळसा घालून जाते.